दोन झाली, ऑपरेशन झालं

मावशीच्या घरी टीव्ही दिवसभर चालू असतो, आवाज बारीक करून. डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. नागपुरातल्या एका कार्यक्रमात सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर २.१ च्या खाली जाऊ देऊ नका, दोनपेक्षा जास्त म्हणजे तीन तरी मुलं हवीत, असं सांगितलं होतं आणि ती बातमी पट्टीवरून फिरत होती. मावशी शेंगा फोडत बसली होती. कोपऱ्यात नात दहावीची पुस्तकं पसरून. मावशीने एकदा टीव्हीकडे बघितलं आणि मला विचारलं, "हे कुणाला सांगायलेत?"

सगळ्यांनाच, म्हटलं.

"मग मला वगळा म्हणावं. माझी पिशवीच नाही." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मावशी परभणी जिल्ह्यातली, गंगाखेडच्या बाजूची. लग्न पंधराव्या वर्षी. सतराव्या वर्षी पहिली मुलगी, मग दोन मुलगे, आणि धाकटा तीन महिन्यांचा असताना, बाविसाव्या वर्षी, ऑपरेशन. शिबिर एका शाळेत होतं. बाकं व्हरांड्यात काढून ठेवलेली, वर्गांमध्ये सतरंज्यांवर बायका ओळीने निजवलेल्या. सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॉलीतून परत आल्या, प्रत्येक खड्ड्याला पोट धरून. पैसे मिळाले ते सासऱ्यांनी घेतले. एक स्टीलचा डबा मिळाला तो तिच्याकडे राहिला, अजून त्यात साखर असते. चौतिसाव्या वर्षी अंगावरून फार जायला लागलं म्हणून एका खासगी दवाखान्यात पिशवी काढली. तिच्या सुनेचं लग्न झालं तेव्हा ती सतराची होती, कागदावर अठराची. मुलं दोनच. "दोन झाली, ऑपरेशन झालं," सून सांगते, पेरणी झाली, खुरपणी झाली, असं सांगावं तसं. तेव्हा ती तेवीसची होती.

दोन पिढ्यांत एक मूल कमी झालं. बाकी रस्ता तोच.

महाराष्ट्राच्या लोकसंख्येवर जो वाद सध्या चालतो तो शेवटच्या आकड्यावर चालतो. मुलं जास्त झाली का, कमी झाली का, कोणाची जास्त, कोणाची कमी. आकडा खाली आला तो कोणाच्या अंगावरून आला, याचा हिशेब त्या वादात कुठेच नसतो. तिसरं मूल झालं म्हणून शिक्षा करणारा कायदा आणि तिसरं मूल होऊ द्या असं सांगणारा नेता, दोघेही बाईच्या गर्भाशयाकडे सरकारी गोदामासारखं बघतात: माल जास्त झाला की कुलूप, कमी पडला की कुलूप उघडा. माझा आक्षेप या बघण्यालाच आहे.

आधी आकडा समजून घेऊ, कारण त्याचा इतका वापर होतो की तो काय आहे हेच विसरायला होतं. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या देखरेखीखाली १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. पहिल्या पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर २.९ होता. २००५-०६ मध्ये २.१, पुढे १.९, आणि २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत १.७. देशाचा त्या वेळी २.०, बिहारचा ३.०, गोव्याचा १.३. आजच्या प्रत्येक वयोगटाचा जननदर एकाच बाईने आयुष्यभर जगला तर तिला सरासरी किती मुलं होतील, ते हे १.७. अशी बाई अर्थातच कुठे राहत नाही. आणि २.१ म्हणजे आईबापांची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला पुरेसा दर; त्याच्या खाली गेलो म्हणजे उद्यापासून गावं ओस पडतात असंही नाही. आज विशी-पंचविशीत असलेल्या मुलींची संख्याच मोठी आहे, त्यामुळे प्रत्येकीला कमी मुलं झाली तरी एकूण लोकसंख्या बरीच वर्षं वाढत राहते. "समाज नष्ट होईल" ही घाई आकड्याला न शोभणारी आहे.

पण याच १.७ मध्ये दोन वेगवेगळ्या बायका दडलेल्या आहेत. पुण्यात कोथरूडला एकतिसाव्या वर्षी लग्न, पस्तिशीत पहिलं मूल, कदाचित आयव्हीएफच्या दोन फेऱ्यांनंतर, आणि मग "एकच पुरे" म्हणणारी एक. मावशीची सून ही दुसरी. पाहणीत शहरी महाराष्ट्राचा जननदर १.५ आणि ग्रामीण १.९ आहे; फरक अर्ध्या मुलाचासुद्धा नाही. आकड्यात दोघी जवळजवळ शेजारणी. आयुष्यात दोघींमध्ये बारा-पंधरा वर्षांचं अंतर, आणि त्या वर्षांत शिक्षण, नोकरी, स्वतःच्या नावाचं बँक खातं, नवऱ्याला "नको" म्हणण्याची हिंमत, सगळं येतं.

पश्चिम युरोपात मुलं कमी व्हायला लागली त्याच्या कितीतरी आधीपासून मुली पंचविशीच्या आसपास लग्न करत होत्या. आपल्याकडे लग्नाचं वय फारसं न हलताच जननदर कोसळला. लवकर लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणं, लगेच ऑपरेशन: सगळं जननजीवन सहा-सात वर्षांत दाबून बसवलेलं. आंध्र प्रदेशात लोकसंख्येच्या अभ्यासकांनी हे फार आधी टिपलं होतं, आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला तेच चित्र लागू पडतं. पाचव्या पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं, बीडमध्ये ४३ च्या वर. १.७ जननदराच्या राज्यात. विकासाच्या पाठ्यपुस्तकांत या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. आपण नांदवून दाखवल्या.

कशाच्या जोरावर? याच पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी ४९ टक्के बायकांची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेली जोडपी ०.४ टक्के. म्हणजे शंभराहून जास्त बायकांमागे एक पुरुष. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांची असते, पोट उघडावं लागत नाही, धोका कितीतरी कमी. तरी देशभरातल्या पुरुषांना विचारलं तेव्हा ३५ टक्क्यांनी सांगितलं की गर्भनिरोध ही बायकांची कामगिरी आहे, पुरुषाने त्यात डोकं घालायचं कारण नाही. उरलेल्या ६५ टक्क्यांनी प्रत्यक्षात काय केलं, ते ०.४ वरून कळतंच.

हे असं नेहमीच नव्हतं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. आणीबाणी होती, सक्ती होती, तलाठ्यापासून मास्तरांपर्यंत प्रत्येकाला कोटा होता. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. १९७७ मध्ये सरकार पडलं. "कुटुंब नियोजन" खात्याचं नाव "कुटुंब कल्याण" झालं. राज्यकर्त्यांनी धडा घेतला, पण कोणता? सक्ती वाईट, हा धडा अर्धवट घेतला. पुरुषाला हात लावला की मतं जातात, हा मात्र पुरता घेतला. त्यानंतर कार्यक्रमाचा सगळा भार बायकांकडे सरकला, कारण बायकांनी त्यासाठी कोणाचं सरकार पाडलं नव्हतं. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या शिबिरांच्या पाठोपाठ डझनाहून अधिक बायका मेल्या. शिबिरं बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावं लागलं. मावशीच्या सतरंजीला तोवर तीसेक वर्षं झाली होती.

इथे मला मावशीचीच साक्ष माझ्या विरोधात द्यावी लागते. तिला ऑपरेशनचा पश्चात्ताप नाही. "बरं झालं केलं. नाहीतर तुझ्या आजीसारखी नऊ झाली असती." आजीची नऊ झाली, पाच जगली. हे विसरून गर्भनिरोधाच्या कार्यक्रमावर टीका करणं मला बेईमानी वाटतं. या राज्यात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्यापायी नोकरी गमावली, खटले अंगावर घेतले. त्यातल्या एका खटल्यात बॅरिस्टर आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाच्या रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. सरकारने १९५२ मध्ये कार्यक्रम सुरू करण्याच्या कितीतरी आधी इथे हा विचार होता, आणि त्या विचाराच्या मध्यभागी बाईचा हक्क होता. मूल केव्हा, किती, आणि होऊ द्यायचं की नाही, हे तिने ठरवावं. राष्ट्राची लोकसंख्या हा कर्व्यांचा विषय कमी, माणसाचं सुख जास्त होता.

कार्यक्रमाने साधन घेतलं आणि हक्क वाटेत टाकला. मावशीला ऑपरेशन हवं होतं हे खरं. पण तिच्यापुढे नऊ मुलं किंवा ऑपरेशन, एवढे दोनच पर्याय होते. पहिल्या मुलीनंतर तिला तांबीबद्दल कोणी सांगितलं नाही. सुनेला सांगितलं, पण सासूने नको म्हटलं, कारण "तांबी वर सरकते". (ती सासू म्हणजे माझी मावशीच, हेही नोंदवून ठेवतो.) नवऱ्याला काही वापरायला सांगण्याचा प्रश्न दोन्ही पिढ्यांत उद्भवला नाही.

आता पिशवीकडे येतो.

मावशीचा मुलगा आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे हत्यार, पण त्या धंद्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) देतो ती कोयत्याला देतो. एकटा माणूस असेल तर तो "अर्धा कोयता". हे शब्द नीट ऐकले की बालविवाहाचं अर्धं गणित तिथेच सुटतं. लग्न झालेल्या मुलाला पूर्ण कोयत्याची उचल मिळते. इकडे मुलीच्या आईबापाला पाच-सहा महिने फडावर राहायचं असतं. वयात आलेली पोर घरी कोणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, ठेवायची तर तिथे दाराला दारच नसतं. लग्न लावून दिलं की दोन्ही घरांचा प्रश्न सुटतो. त्यांना कायदा माहीत नसतो असं कोणी समजू नये. १८ आकडा सगळ्यांना पाठ आहे. कायद्याने हंगाम निघत नाही.

फडावर बाई पहाटे चारला उठते, स्वयंपाक करते, मग ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते. पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही, तेच कापड दिवसभर. अंगावरून पांढरं जायला लागतं. पोटात दुखतं. गावी आल्यावर ती दवाखान्यात जाते, तिथे सोनोग्राफी होते आणि सांगतात, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. दोन मुलं झालेली, ऑपरेशन झालेलं, मग पिशवीचं काम तरी काय? काढून टाकली की पाळीची कटकट जाते, खाडा पडत नाही. पैसे मुकादमाकडून उचल घेऊन, आणि ती उचल फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा फड.

२०१९ मध्ये हे वर्तमानपत्रांतून बाहेर आलं तेव्हा विधिमंडळात सांगण्यात आलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीन-सव्वातीन आहे. आणि देशपातळीवरही अशा शस्त्रक्रियांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास खासगी दवाखान्यांत होतात. यात सगळा दोष डॉक्टरांचा आहे असं मी म्हणणार नाही. पस्तिशीच्या बाईला खरोखर गरज असलेली शस्त्रक्रियाही असते. पण साध्या संसर्गावरचा उपाय म्हणून अवयव काढला जातो तेव्हा तिला काय सांगितलं गेलं होतं, हे विचारायलाच हवं. अंडाशयं सोबत गेली की पस्तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम सुरू होतात: हाडं ठिसूळ, अंगात भडका, सांधे, झोप नाही. मावशी चाळिशीतच गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली होती. आम्हाला वाटायचं, कामाने.

एक गोष्ट मला वर्षानुवर्षं खटकते. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं ही काही नवी बातमी नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी आयुष्यात एकदा तरी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. म्हणजे सरकारी यंत्रणेला त्या बायकांच्या गर्भनलिका बांधायला जमत होतं, त्यांना तपासायला जमत नव्हतं. त्या अभ्यासानंतर तीस वर्षांनी बीडचे आकडे आले. मधल्या काळात उपकेंद्रावर या दुखण्यावरचं साधं औषध आणि ते देण्याआधी आडोशाला तपासणारी एक परिचारिका एवढंच पोचलं असतं, तर त्या १३,८६१ मधल्या किती जणींची पिशवी जागेवर राहिली असती?

महाराष्ट्र आरोग्यात मागे आहे, असं मात्र म्हणता येत नाही, आणि विषमतेची खरी गंमत तिथेच आहे. २०१८-२० मध्ये राज्यात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. फक्त केरळ आपल्या पुढे होता. बाळंतपणात बाई मरू नये यासाठी यंत्रणा धावली आणि जिंकली. त्याच सुमारास राज्यातल्या बायकांमधला रक्तक्षय ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेला. (बोटाच्या टोकावरच्या थेंबातून रक्त मोजण्याच्या पद्धतीबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, तो धरूनही निम्म्या बायका म्हणजे थोडं नाही.) बाळंतपणाचा दिवस सुरक्षित झाला, त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं आयुष्य होतं तिथेच राहिलं. बाई आई होत असेल तरच सरकारला ती दिसते. ऑपरेशन झालं की ती रजिस्टरमधून उतरते.

आता कायद्याबद्दल. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची, पंचायत समितीची, जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरांसाठी २००५ मध्ये छोट्या कुटुंबाचे नियम आले. आमदार-खासदारांना मात्र अशी काही अट नाही. लोकसंख्या बहुधा आमदार-खासदारांच्या घरात वाढत नाही. हरियाणाच्या अशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्यता दिली, पण पुढे खुद्द हरियाणानेच तो सोडला, हिमाचल, मध्य प्रदेश, छत्तीसगडनेही सोडला. निर्मला बुच यांनी पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात दिसलं होतं की पद वाचवण्यासाठी नवऱ्यांनी बायका टाकल्या, मुलं दत्तक दिल्याचं दाखवलं, गर्भपात करवले. आपल्याकडे पंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत. ज्या बाईच्या हातात तिसरं मूल थांबवणं नव्हतं, तिलाच त्या मुलापायी अपात्र ठरवायचं, आणि अर्जाच्या छाननीला विरोधकाने तिच्या पोराचा जन्मदाखला काढून आणायचा. ही लोकसंख्येची काळजी नव्हे.

दोनचीच अट आणि त्यात एक मुलगा हवाच, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मुली कमी होतात. १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ होत्या, बीडमध्ये ८०७. ती मुलं आता कुठे लग्नाच्या वयाकडे येऊ लागली आहेत. त्याआधीच, डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून तरुणांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला, आम्हाला बायको द्या म्हणून. सगळे हसले. मीही हसलो, मग ८०७ आठवले.

दुसऱ्या बाजूला, "जास्त मुलं" मागणाऱ्यांचं एक म्हणणं मला समजतं. लोकसभेच्या जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेल्या आहेत. त्या सुटल्या की ज्यांनी मुलं कमी केली त्या राज्यांचा आवाज कमी होईल, ही दक्षिणेची भीती खोटी नाही. आंध्र प्रदेशने नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन अपत्यांची अट काढून टाकली, ते योग्यच केलं, कारण काहीही असो. पण जागांचं भांडण संसदेत सोडवायचं असतं, बाळंतिणीच्या खोलीत नाही. धर्माच्या नावाने जी भीती घातली जाते तिला तर आकड्यांचा आधारच उरलेला नाही: पहिल्या पाहणीत मुस्लिम जननदर ४.४ आणि हिंदू ३.३ होता, पाचव्यात २.३६ आणि १.९४. दरी एकापेक्षा जास्त होती, ती अर्ध्याच्या आत आली. शाळेत न गेलेल्या बायकांचा जननदर २.८ आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचा १.८, हा फरक त्याहून मोठा आहे. त्यावर कोणी भाषण ठोकत नाही.

शिवाय हुकमाने मुलं वाढत नाहीत, हे चीनकडे बघून कळावं. एकाची सक्ती पस्तीस वर्षं केली, मग दोन, मग २०२१ मध्ये तीनची मुभा दिली; पाळणे काही हलले नाहीत. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये जननदर ०.७२ होता, सरकारने पैसा ओतूनसुद्धा. शिकलेली, कमावती बाई तिच्या घरातलं आणि कचेरीतलं ओझं बघून हिशेब करते. आणि आपल्याकडे ग्रामीण महाराष्ट्रातल्या पंचविशी ओलांडलेल्या बाईला तीनचं आवाहन कराल, तर तिचं ऑपरेशन होऊन गेलेलं आहे. मग हे आवाहन जाणार कोणाकडे? तिच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीकडे. मला याची धास्ती वाटते. "लवकर लग्न करा, जास्त मुलं होऊ द्या" ही हाक परभणी-बीडमध्ये पोचली, तर तिथे ती ऐकायला मन वळवावं लागणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या आकड्याच्या नाहीत. दोन अपत्यांची अट रद्द करा, आणि तिच्या जागी तीनचं बक्षीस आणू नका. ऊसतोडीत बाईला अर्धा कोयता न मानता पूर्ण मजूर माना, तिची उचल आणि मजुरी तिच्या नावावर द्या. जोडीनेच काम मिळतं ही अट गेली की लग्नाची घाई करण्याचं एक कारण जाईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं जाहीर केली; ती दसऱ्याला उघडी असली पाहिजेत, दिवाळीनंतर नाही, कारण टोळी दसऱ्यानंतर निघते. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली आणि ती तीन महिन्यांत राबवा असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावलं. त्यानुसार चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी कुठे, कोणत्या कारणाने काढली, हे तालुकावार जाहीर व्हावं, जसा पाऊस जाहीर होतो. आणि आशाताईंना नसबंदीच्या "केसेस" विचारताना पुरुष किती, हाही रकाना भरायला लावा. तो रिकामा दिसला तरी चालेल. दिसू तर द्या.

गेल्या ऑक्टोबरात मी पुन्हा गंगाखेडला होतो. मुकादम उचल द्यायला आला होता. मुलगा आणि सून अंगणात त्याच्याशी हिशेब करत होते, मावशी दाराशी बसली होती. नात चहा घेऊन आली, आता अकरावीला आहे, उंच झालीय. मुकादमाने कप उचलता उचलता विचारलं, "पोरगी कितवीला हाय?"

"आठवीला," मावशी म्हणाली.